आईने सांगितलेल्या मारामाऱ्या

उन्हाळ्यात लागणारे सिनेमे डोकं घरी ठेवून बघायचे असतात, असं म्हणतात. आमच्याकडे ते कधी जमलं नाही, कारण मे महिन्यात आमच्या घरात डोकं ठेवायला जागाच नसते. पडवीत आमसुलं वाळत घातलेली, ओटीवर पापड, अंगणात माळ्यावर चढवायचा पेंढा. हे सगळं आवरलं, कौलं चाळून झाली, भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून झाला, की पावसाच्या आधी एक दिवस आमचं घर सिनेमाला जायचं. घर म्हणजे आई, बाबा आणि मी. वर्षाला एकच सिनेमा, तोही मे महिन्यातच, आणि तो निवडायचा बाबांनी.

बाबांना दोनच प्रकारचे सिनेमे मान्य होते, मारामारीचे आणि हसायचे. प्रेमाच्या सिनेमाला ते आजारी पिक्चर म्हणायचे. त्यात सगळे सारखे उसासे टाकत पडून असतात, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं कारखान्यात पाळ्या करायच्या, सुटीच्या दिवशी भाताच्या खाचरात उतरायचं, आणि वर्षातून एकदा अडीच तास खुर्चीत बसायला मिळणार. त्यात कुणीतरी कुणाला तरी धुवावं, नाहीतर कुणाची तरी फजिती व्हावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सिनेमा सुटला की हायवेवरच्या रसवंतीत उसाचा रस पिता पिता ते निकाल द्यायचे. हिट, नाहीतर पडला. मधलं काही नाही. पेपरात काय छापून आलंय, फोनवर लोक काय म्हणतात, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. साऱ्या देशात आपटलेले दोन-तीन सिनेमे आमच्या घरात हिट आहेत. उलट एक सिनेमा सगळीकडे महिनोन् महिने चालला, पण आमच्याकडे तो पडलेला आहे, कारण त्यातला नायक शेवटी खलनायकाला माफ करतो. "माफच करायचं व्हतं तर एवढी धावाधाव कशाला केली?" असं बाबा रसवंतीवाल्यालाच विचारत होते. त्या बिचाऱ्याने सिनेमा बघितला नव्हता, तरी त्याने मान डोलावली.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी तलाठी. हल्ली आमच्या पदाला नवीन नाव दिलंय, पण गावात कुणाच्या तोंडी ते बसलेलं नाही. आमचं घर तळा तालुक्यातल्या एका गावात, आणि मी बरीच वर्षं बोर्ली पंचतनला खोली घेऊन राहत होते, शनिवार-रविवारी घरी. मोठं वादळ येऊन गेलं तेव्हा श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागांचे पंचनामे मी केले. आडव्या झालेल्या पोफळी मोजायच्या, मोडलेली किती, उपटलेली किती, वाकलेली किती ते लिहायचं. बागायतदार शेजारी उभा राहून रडत असतो, पण ते पंचनाम्यात येत नाही. या कामाने मला सवय लागली की डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. चांगली सवय आहे. नोकरीत तिचा उपयोग झाला, घरात ती माझ्या आड आली.

बाबांचे डोळे एकदम गेले नाहीत. आधी कडेकडेने दिसेनासं झालं. बांधावरून चालताना पाय घसरायला लागला, जेवताना ताटाशेजारचा तांब्या कलंडायला लागला, आणि आम्ही दोघी त्यांना वेंधळे म्हणून मोकळ्या. काचबिंदू आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सरळच सांगितलं. पुढे दोन वर्षांत त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायला लागला. आम्ही त्यांना वेंधळे म्हणालो होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

नजर गेल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात राब भाजून झाला, कौलं झाली, तरी सिनेमाचं नाव कुणी काढेना. शेवटी मीच काढलं.

"तुमी दोघी जा," बाबा म्हणाले. "माझं तिकीट फुकट जायाचं."

आई पापड लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "फुकट कशाला जाईल? मी सांगीन की काय चाललंय ते."

"तू?"

"मंग काय झालं? रोज ओटीवर बसून सांगत न्हाय, कोन आलं, कोन गेलं ते?"

ते खरं होतं. बाबांना दिसेनासं झाल्यापासून आई संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून त्यांना रस्ता सांगायची. कोण कुठे चाललंय, कशाला चाललंय, आणि काम झालं नाही तर परत येताना त्याचं तोंड कसं असेल, इथपर्यंत. बाबा हूं हूं करत ऐकायचे. पण ओटीवरून रस्ता सांगणं वेगळं आणि मारामारीचा सिनेमा सांगणं वेगळं. आईचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांपुरतं. मारामारी सुरू झाली की ती इतकी वर्षं थेटरात चिवड्याची पुडी सोडायला, चपला शोधायला खाली वाकायची. तरी त्या दिवशी ती बाबांच्या आणि माझ्या मधल्या खुर्चीत बसली, पदर सारखा केला, डावा हात बाबांच्या मनगटावर ठेवला आणि सुरुवात केली.

"आवो, आयका. एक मोठा पूल हाय. आपल्या खाडीवरच्यापेक्षा मोठा. पुलावर एक मानूस उभा हाय, भिजलेला. चांगल्या घरचा दिसतो, पन जेवलेला न्हाय."

नायक जेवलेला नाही हे तिला कशावरून कळलं, ते मला कळलं नाही. बाबांना मात्र पटलेलं दिसलं.

"समोरनं धा-बारा जन आले. एकाचं पन तोंड धुतलेलं न्हाय."

आईची कुजबुज म्हणजे इतरांचं नेहमीचं बोलणं. पुढच्या रांगेतून कुणीतरी जोरात शू केलं. आई त्या दिशेने म्हणाली, "ह्यांना दिसत न्हाय, भाऊ." पुन्हा कुणी शू केलं नाही. थोड्या वेळाने तर पुढच्या रांगेतले दोघे जण मान तिरकी करून ऐकत होते.

मग मारामारी सुरू झाली. आईचा आवाज चढला. "मारला. पडला. उठला मेला. परत मारला, आता न्हाय उठत. तो टकल्या पाठीमागनं येतोय, कोयता हाय त्याच्याकडं. आवो, बघा बघा, वाकला आपला, वाकला! टकल्या सरळ पान्यात!"

बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. दोन्ही मुठी वळलेल्या, तोंड अर्धं उघडं. मी पडद्याऐवजी त्यांच्याकडेच बघत होते. वर्षभरात त्यांचा चेहरा असा झालेला मी बघितला नव्हता. मला रडू आलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मग मी पडद्याकडे बघितलं आणि माझ्यातली तलाठी जागी झाली. पडद्यावर टकल्या नव्हता. कोयता नव्हता आणि पाणीही नव्हतं. पूल केव्हाच संपला होता, नायक एका गोदामात खोक्यांमागे लपला होता आणि बंदुका चालल्या होत्या. मी वळून आईकडे बघितलं. तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता, उजव्या हाताने तो नाकाशी गच्च धरला होता, आणि पदराआडून ती न थांबता सांगत होती.

रसवंतीत बाबांनी निकाल दिला. "हिट. टकल्यानं मजा आनली." तो सिनेमा दुसऱ्या आठवड्यात थेटरातून उतरला.

घरी आल्यावर बाबा ओटीवर टेकले आणि मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तू डोळे मिटून बसली होतीस."

"हळू बोल." तिने ओटीच्या दिशेने बघितलं. "मला रगत बघवत न्हाय. कोंबडी कापायची झाली तरी मी शेजारनीला हाक मारते, ठाव न्हाय तुला?"

"मग सांगत काय होतीस?"

"आयकून सांगायचं. धाडकन झालं का कोनतरी पडला. वरडला का त्याला लागलं. आनि आपला हरनार हाय थोडाच? शेवटाला तोच जिकनार. मधी काय बी सांगितलं तरी चालतं."

उन्हाळी सिनेमांची इतकी नेमकी परीक्षा मी कुठल्या पेपरात वाचलेली नाही. मला हसू फुटलं. आई मात्र हसली नाही.

"ह्यांना बोलू नको हां," ती म्हणाली. "मी तिथं जीव मुठीत धरून बसते, हे कळलं ना, तर परत यायचे न्हाईत ते. तोंडानं काय बोलनार न्हाईत. पन पुढच्या वर्षी राब झाला का कंबर दुखाया लागेल त्यांची. शपथ घे माझी."

मी घेतली. खोट्या पंचनाम्यावर सही करावी तशी, नाइलाजाने घेतली. पण घेतली.

दुसऱ्या वर्षी बाबा अचानक म्हणाले, यंदा मारामारी नको, हसायचा बघू. कारण सांगितलं नाही. मला बरं वाटलं. हसायच्या सिनेमात रक्त नसतं, आणि विनोद कानांनीही कळतो. माझा अंदाज साफ चुकला. त्या सिनेमात चार मित्र एका लग्नघरात लपून बसलेले, एकमेकांचे कपडे घातलेले, आणि अर्धे विनोद नुसते बघायचे. आईचे डोळे टक्क उघडे होते, पण तिला इतकं हसू यायचं की सांगणंच होईना.

"आवो, तो जाड्या... त्याच्या डोक्यावर..." आणि पुढे नुसतं खुदुखुदु.

"काय डोक्यावर? अगं काय?"

"त्याच्या... अगो बाय..."

शेवटी मी म्हणाले, "पातेलं आहे, बाबा. डोक्यात अडकलंय." बाबांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग आईला पुन्हा हसू फुटलं आणि तिचं ऐकून ते हसायला लागले. पातेल्याचं त्यांना काही नव्हतं. रसवंतीत म्हणाले, "पडला. काय कळलंच न्हाय." तो सिनेमा त्या उन्हाळ्यातला सगळ्यात जास्त चाललेला होता. घरी परतताना आईनेच जाहीर केलं, "हसायच्यात मजा न्हाय. पुढल्या वर्षी मारामारीचाच बघू." मी तिच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या वर्षीच्या सिनेमात तर तिने कमाल केली. नायक उंच इमारतीवरून खाली पडला. पदराआडून तिला ऐकू आली ती किंकाळी, मग रडकं संगीत, मग शांतता. "गेला," ती म्हणाली, आणि पदरालाच नाक पुसलं. बाबा हळहळले. पाच मिनिटांनी नायकाचा आवाज आला, तो फोनवर कुणाला तरी धमकी देत होता. कारण तो पडला तो खाली उभ्या असलेल्या ट्रकमधल्या गाद्यांवर. हे आईने बघितलेलं नव्हतं. पण ती गडबडली नाही. "गेला तो जुळा भाऊ व्हता," तिने सांगितलं. "आता हा सूड घेनार."

मागच्या रांगेतला एक जण तेवढ्यात बाहेर जाऊन आला होता. त्याने वाकून विचारलं, "मावशी, काय झालं मधी?" आईने त्यालाही जुळ्या भावाचं सांगितलं. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी तो माणूस खुर्चीत बसून होता आणि पडद्यावर सरकणारी नावं बघत होता. बाबांचा निकाल: "हिट. भावाची गोष्ट भारी व्हती."

त्याच वर्षी गणपती गेले आणि पंधरा दिवसांत आई गेली. तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. लिहायला बसते तेव्हा तारखा आणि औषधांची नावंच आठवतात, ती नाही आठवत.

मी बदली मागून घेतली आणि तळा गावाजवळचा सजा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतली गावं, मिळाल्यावर घरी राहायला आले. बाबा सकाळ-संध्याकाळ ओटीवर बसायचे. मी ऑफिसातून आल्यावर त्यांना रस्ता सांगायचा प्रयत्न केला. "दूधवाला गेला," मी म्हणायचे. "एक बाई डोक्यावर भारा घेऊन गेली." बाबा म्हणायचे, "बरं." आणि मग मी चहा टाकायला उठायचे. पुढचा मे आला तेव्हा आईला वर्ष व्हायचं होतं. वर्षाच्या आत आमच्याकडे सणवार करत नाहीत, गोडधोड करत नाहीत. सिनेमाचा प्रश्नच नव्हता. खरं सांगायचं तर या रिवाजाच्या आड मला लपायला मिळालं, आणि बहुतेक त्यांनाही.

वर्षश्राद्ध झालं, थंडी सरली, यंदाचा मे आला. गड्याने राब भाजला त्या दिवशी धुराचा वास ओटीपर्यंत आला.

"झाला राब?" बाबांनी विचारलं.

"झाला."

"हूं."

मी त्यांच्याशेजारी टेकले. मग म्हणाले, "बाबा, सिनेमा?"

"कोन सांगनार?"

"मी सांगेन."

त्यांनी धुराच्या दिशेने तोंड वळवलं. "बरं," म्हणाले. त्या एका शब्दाने मी रात्रभर हवेत होते. पण भीतीही होती. हा सिनेमा पडला तर ते पुन्हा येणार नाहीत, ओटीवरून उठणारच नाहीत, हे मला स्वच्छ कळत होतं. म्हणून मी चार दिवस शोधून सिनेमा निवडला. मारामारीचा, खर्चिक, सगळ्यांनी वाखाणलेला. घरातला निवडायचा मान पहिल्यांदाच माझ्याकडे आला होता आणि मला तो नको होता.

दुपारी बाराचा खेळ. मी बाबांना त्यांच्या कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि सवयीने मधली खुर्ची सोडून बसले. मग लक्षात आलं तेव्हा उठून मधल्या खुर्चीवर सरकले. बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, खुर्ची करकरते."

सिनेमा सुरू झाला. "एक माणूस आहे," मी सांगायला लागले. "वय अंदाजे पस्तीस. उंच. रस्त्याच्या मधोमध उभा आहे. डावीकडून तीन गाड्या आल्या, पांढऱ्या. पहिल्या गाडीतून चार जण उतरले..." एवढं होईपर्यंत ते चारही जण मरून पडले होते आणि दुसरी गाडी पेटली होती. मी घाईघाईने मागचं सोडून पुढचं पकडलं, तर तेही हातातून गेलं. काय सांगू आणि काय सोडू कळेना.

"हातात काय हाय त्याच्या?" बाबांनी विचारलं.

"स्पष्ट दिसत नाही, बाबा."

"जेवलाय का?"

"कोण?"

"हिरो."

मी पडद्याकडे नीट निरखून बघितलं. "तसं काही दाखवलेलं नाही," मी म्हणाले.

बाबा खुर्चीला टेकून बसले. तासाभरात एकदाही पुढे सरकले नाहीत. मी सांगत राहिले. कुठली इमारत, किती मजले, कितव्या मजल्यावर स्फोट झाला, किती माणसं पळाली. माझा मलाच कंटाळा आला. सिनेमा चांगला होता, खरंच चांगला होता, आणि तो माझ्या तोंडून बाहेर पडताना सरकारी कागद होत होता.

मध्यंतर झालं. दिवे लागलेले बाबांना कळतात. मी पॉपकॉर्न आणले, त्यांच्या हातात डबा दिला. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पडला."

"अजून अर्धा आहे, बाबा."

"घरी जाऊ या, बाय. तुझं काय चुकलं न्हाय. तू जसं हाय तसं सांगतेस. पन मला त्यात कोनच दिसत न्हाय."

मला राग आला. त्यांचा आला, आईचा आला, त्या पांढऱ्या गाड्यांचाही आला. मी खरं सांगत होते आणि माझा सिनेमा पडत होता. तिने खोटं सांगितलं आणि तिचे मारामारीचे सगळे हिट. राग आला की माझी जीभ ताब्यात राहत नाही, हे आमच्या कार्यालयातही सगळ्यांना माहीत आहे.

"आई डोळे मिटून सांगायची, बाबा!" मी म्हणाले. "टकल्या नव्हताच कुणी. कोयता नव्हता, जुळा भाऊ नव्हता. तिने एकही मारामारी बघितलेली नाही. पदर तोंडावर घेऊन बसायची ती!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आजूबाजूचे दोन-चार जण बघत होते. मी आईची शपथ मोडली होती, तीही ती नसताना. आणि बाबांकडे तिच्यातलं जे काही उरलं होतं, त्यातलं सगळ्यात चांगलं मी त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. पॉपकॉर्नच्या डब्यातला त्यांचा हात थांबला होता. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"ठाव हाय मला," बाबा म्हणाले.

"काय?"

"पयल्या दिवसापास्नं ठाव हाय. पदराआडनं बोलनाऱ्या मानसाचा आवाज येगळा येतो. माझी नजर गेली, कान हायेत. आनि हात तिचा माझ्या मनगटावर असायचा. बघनारं मानूस बंदूक वाजायच्या आधी घाबरतं. हिची नखं बंदूक वाजल्यावर रुतायची."

"मग तिला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर लाजली असती. परत आली नसती. एक वर्ष मुद्दाम हसायचा निवडला, म्हनलं तिला जरा इसावा. तर सोताच म्हनाली, मारामारीचाच बघू." त्यांनी डबा माझ्याकडे दिला. "मी काय तो पिक्चर बघाया यायचो व्हय, बाय?"

घंटा झाली. दिवे गेले. आमचं उठायचं राहूनच गेलं. पडद्यावर गाड्यांचे आवाज सुरू झाले आणि मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"थांब," बाबा म्हणाले. "तूपन मीट डोळे."

"मला नाही जमणार, बाबा. मला नाही येत तसं."

"मीट तर."

मी डोळे मिटले. समोर नुसता अंधार आणि कानात भयंकर आवाज. काचा फुटत होत्या, कुणीतरी ओरडत होतं, गोळ्या सुटत होत्या. प्रत्येक आवाजाला अंग दचकत होतं. बाबांनी घाई केली नाही.

"दारात एक बाई आलीये," मी म्हणाले. हे मी कुठून आणलं ते मला माहीत नाही.

"कसली बाई?"

"साधीच. कामातून उठून आलीये. हाताला पीठ लागलंय."

"मंग?"

"गुंड सगळे जागच्या जागी थांबलेत. ती कमरेवर हात ठेवून उभी आहे. म्हणते, मेल्यांनो, आधी त्या चपला भाईर काढा. आत्ताच सारवलंय मी."

बाबा खदखदून हसले. पडद्यावर त्या वेळी बहुतेक कुणीतरी जीव सोडत होतं, कारण चारी बाजूंनी एकदम शू झालं. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते खुर्चीच्या कडेवर सरकल्याचं मला जाणवलं.

"काढल्या का चपला?"

"काढल्या. ओळीने ठेवल्या. आता ती एकेकाचं तोंड बघतेय." आणि मी ठरवून सांगत नव्हते. ती खरंच तिथे होती. कपाळावर घाम, कानामागे खोचलेली पिकली बट, पदराचं टोक कमरेला. दीड वर्षात ती मला एकदाही अशी दिसली नव्हती. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते गालावरून हनुवटीवर आलं, आणि पुसायला म्हणून मी हात वर उचलला.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"डोळे उघडू नको, बाय," ते म्हणाले. "जाईल ती."